तिसऱ्या दिवशीचा पेपर

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. तुझी पाठ आणि तुझ्या बायकोचा दमा, दोन्ही बरं असेल असं धरून चालते. (नसेल तर कळव. आमच्यापर्यंत बातमी पोचेतो बहुतेक आजार आपोआप बरे झालेले असतात.)

तू दिलेल्या फोनने या घराची घडी विसकटली, हे सांगायला हे पत्र. तुमच्या शहरात पेपर पहाटे दारात पडतो. आमच्या डोंगरावर तो बसच्या टपावरून तिसऱ्या दिवशी चढतो. तुझ्या भावजींची नजर गेल्यापासून चहानंतर तासभर मी तो त्यांना वाचून दाखवते. या घरात बुधवारी सोमवार असतो, आणि त्याने कुणाचं काही अडलं नव्हतं.

आता हा बोलका फोन. त्याला रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीच्या सातव्या पायरीवर. (सहाव्या पायरीवर तो मुका. आठवीवर शेजारची शिंपीणबाई लेकीशी फोनवर भांडत बसलेली असते.) भावजी काठी टेकत तिथे जातात आणि फोन त्यांना जग वाचून दाखवतो. भूकंप आणि केसांचं तेल, दोन्ही एकाच सुरात. मग सकाळी मी ‘मंत्रिमंडळात’ एवढंच म्हणते, की हे पुढचं वाक्य पुरं करतात आणि वर, "शिळं आहे गं, पुढचं वाच." चाळीस वर्षांत माझ्या भाकरीला शिळी न म्हटलेला माणूस! शेवटी मी पेपर न उघडताच कपाटात ठेवू लागले. दिवसभरात आमचं तेवढंच तर बोलणं होतं.

बाकी त्यांचं जेवण कमी झालंय. तिकडे शहरात केलेल्या त्यांच्या तपासणीचा रिपोर्ट तू पोस्टाने पाठवणार होतास, त्याची वाट पाहते आहे.

तुझी ताई

ता. क. पत्र पाच दिवस तसंच पडून होतं. आज पाकीट चिकटवणार तोच शिंपीणबाई आली. रिपोर्टमधला मजकूर तू घाईने फोनवरही लिहून धाडलास ना? मंगळवारी सातव्या पायरीवर फोनने तो मोठ्याने वाचला, तेलाच्याच सुरात. डॉक्टरांचे ‘फार तर काही महिने’ हे शब्दसुद्धा. भावजींनी फोन बंद केला आणि तिला म्हणाले, "हिला सांगू नका." (तिने तीन दिवस दम धरला. तिच्या मानाने पुष्कळच.) मंगळवारपासून ते टाकीकडे फिरकलेले नाहीत. "पेपर वाच," म्हणतात, "निविदांसकट." आणि माझं एकही वाक्य पुरं करत नाहीत.

आणखी ता. क. आज रिपोर्ट पोस्टाने आला. "काय आलं गं?" म्हणाले. म्हटलं, "धाकट्याचं पत्र." "मग वाच की." मी रिपोर्ट हातात धरून वाचलं: डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, औषध तेच चालू ठेवा, आणि मी उन्हाळ्यात भेटायला येतोय. ते म्हणाले, "चांगलं लिहितो. परत वाच." दुसऱ्यांदा वाचताना औषधापाशी माझा आवाज अडकला. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं: "आणि मी उन्हाळ्यात भेटायला येतोय."

तेव्हा ये. उन्हाळ्याची वाट पाहू नकोस.