पमीच्या मशीनचा सेल कोण खातं

४ फेब्रुवारी १९९१, अमळनेर.
पमीला कानाचं मशीन मिळालं. छातीवर डबी, डबीतून कानात वायर, आत एक पेन्सिल सेल. पोरगी सहा वर्षांची, जन्मापासून फार कमी ऐकू येतं. जळगावच्या मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, महिनाभर बघू. वापरत असेल तर जूनला शाळेत घेऊ, नाहीतर मशीन दुसऱ्या लेकराला. केळीच्या ट्रकवरची क्लीनरी बंद. आजपासून फुल टाइम पमी. महिन्याच्या आत ‘पप्पा’ म्हणवून घेणार.

५ फेब्रुवारी.
ट्रेनिंग सुरू. डबीला तोंड लावून ‘पप्पा’ म्हटलं, चाळीस वेळा. चढावर इंजिन बोंबलत असतं तरी माझी हाक ड्रायव्हरला ऐकू जाते, म्हणजे आवाजात कमी नाही. पमी डबी दोन्ही हातांनी धरून बसते. वस्तूची कदर आहे पोरीला.

६ फेब्रुवारी, दुपार.
डबीचं बटण बंद सापडलं. बायकोला विचारलं. कुंदा म्हणे, मी नाही. विचारायच्या आधीच तयार असल्यासारखी म्हणाली. माय भाकर थापता थापता म्हणाली, बठ्ठं (सगळं) बरं शे, तू जरा बाहेर फिरी ये. मला बाहेर काढण्यात हिचा काय फायदा?

११ फेब्रुवारी.
रोज बटण बंद. पहारा ठेवला. दारातच खाट टाकली, म्हणजे येणारा-जाणारा नजरेत. थोडा डोळा लागला. उठलो तर बंद.

१४ फेब्रुवारी.
दहा दिवस झाले, सेल अजून ताजा. वना ड्रायव्हर आला होता. म्हणे, फैजपूरचा लोड आहे, क्लीनर पळाला. एका दिवसाचंच काम.

१८ फेब्रुवारी.
परत आलो. फैजपूरहून एक गाडी बऱ्हाणपूरला निघाली होती, आणि बऱ्हाणपूर बघायचं राहिलं होतं. घरी सेल खलास. आता डोकं चालवलं. मी घरी, तर दहा दिवस टिकतो. मी बाहेर, तर चार दिवसांत संपतो. म्हणजे माझ्या पाठीमागे कोणीतरी सेल काढून वापरतं. शेजारच्या रुपचंदकडे ट्रान्झिस्टर आहे. बस.

१९ फेब्रुवारी.
रुपचंदकडे चौकशी. म्हणे, अभिमनभाऊ, माझ्याला मोठे सेल लागतात. उघडून दाखवले. मोठेच होते. सगळी तयारी करून बसला होता. वर म्हणाला, तुमचं ट्रेनिंग आमच्या म्हशीला पाठ झालंय. विषय बदलतो.

२८ फेब्रुवारी.
मी घरी, नवा टाकलेला सेल अजून ताजा. ‘पप्पा’ नाही. वना आला. शिरपूरपर्यंतच जायचंय. बाई चार तारखेला तपासायला येणार, त्याच्या आत परत. या वेळी सेल काढून खिशात घेतला. आता खाऊन दाखवा.

५ मार्च.
शिरपूरला कुस्त्या होत्या. फायनल सोडून कसं येणार? बाई काल येऊन गेल्या. कुंदाने सांगितलं: मी गेलो त्याच दुपारी तिने नवा सेल आणला. पमी दिवसभर मशीन लावून असते. बाईंनी पाठीमागे कडी वाजवली, वळली. मायला ‘आजी’ म्हणून दाखवलं. जूनला शाळेत घेतलं. मग बाईंनी खुणेने विचारलं, हे बंद कोण करतं? पमीने ओठावर बोटाने मिशी काढली, तोंड मोठ्ठं उघडलं, आणि स्वतःच बटण दाबलं. बाई हसल्या म्हणे.
मिशी रुपचंदलाही आहे.

५ मार्च, संध्याकाळ.
पमीसमोर बसून तोंड उघडलं. तिचा हात डबीवर. मिटलं. हात खाली. पुन्हा उघडलं, हात पुन्हा वर. कुंदा म्हणे, हळू बोलून बघा. हळू म्हणजे किती, ते कोणी शिकवलं नाही. गप्प बसलो. जरा वेळाने पमी जवळ सरकली, मांडीला टेकून बसली. वाकून बघितलं. बटण चालू होतं.