पहिल्या हसण्याचं मीठ

आई,

तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत, आणि आज बसले तर पहिल्याच शब्दाला अडले. तुला हाक मारावी की मारू नये, हेच मला कळेनासं झालंय. तू म्हणशील, ह्यात अडण्यासारखं काय आहे, पक्षपंधरवड्यात बाबा तुझं नाव घेऊनच तर पान वाढतात. तेच तर. आपल्याकडे नाव घेतलं नाही तर गेलेलं माणूस उपाशी राहतं, आणि माझ्या मैत्रिणीकडे नाव घेतलं तर त्याचा पाय पुढे निघत नाही. दोघांचं एकाच वेळी कसं खरं असेल? आणि मला तर दोन्ही पटतं. तिच्यापुढे मी एक खोटं बोलून बसले आहे, त्यात तू आहेस, म्हणून तुलाच सांगायला हवं.

ती मैत्रीण इथे आखातात, मीना सलमान बंदरावरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये जहाजांचं वेल्डिंग तपासते. मी त्याच ऑफिसात स्टोअरचे कागद सांभाळते. ती अमेरिकेची, पण गोऱ्यांतली नव्हे, तिथल्या मूळच्या लोकांतली. नवाहो जमातीची. माझ्याहून उंच, केसांचा घट्ट अंबाडा, आणि पुरुष वेल्डरांना जोड परत करायला लावताना आवाज अजिबात न चढवणारी. पहिल्या दिवशी जेवायला शेजारी बसली, तर नोकरी काय, पगार काय, असलं काही नाही. आधी आईचं कुळ सांगितलं, मग वडिलांचं, मग दोन्ही आजोबांची. आणि मला विचारलं, तू कोणाची? मी बाबांचं नाव सांगितलं. ती म्हणाली, आईकडून? मी तुझं माहेरचं आडनाव सांगितलं. ती म्हणाली, ते तर तुझ्या आईच्या वडिलांचं झालं, आईच्या आईचं काय? मला माहीत नव्हतं, आई. अजून माहीत नाही. माझ्या आजीचं माहेरचं आडनाव मला कोणी कधी सांगितलंच नाही, आणि मीही विचारलं नाही. डब्यातला भात तसाच चिवडत बसले.

मला सातवा महिना असताना तिने त्यांच्याकडची एक रीत सांगितली. मूल जन्मलं तरी लगेच आपलं होत नाही म्हणे, निम्मं देवांकडेच असतं. ते पहिल्यांदा खळखळून हसतं तेव्हा माणसांत राहायचं ठरवतं. आणि ज्याने त्याला हसवलं त्याने जेवण घालायचं. पाहुण्यांना बाळाच्या हातून मीठ द्यायचं, म्हणजे मूल दिलदार होतं. हसवणाऱ्याचा स्वभाव मुलात उतरतो, म्हणून चिकट माणसाला त्या दिवसांत बाळापुढे फार नाचू देत नाहीत. मी हसले, पण ते मनात राहिलं. तिला स्वतःचं मूल नाही. लेक झाल्यावर ती दर शुक्रवारी नईम भागातल्या आमच्या खोलीवर यायची आणि पलंगाशी गुडघे टेकून तासभर तोंडं वेडीवाकडी करायची. लेक तिच्याकडे साहेबिणीसारखी बघत राहायची.

आता तुझ्याबद्दल. बाबा इथे ड्रायव्हर होते तेव्हा तू त्यांना पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचीस, त्यातली एक त्यांच्या ट्रंकेत सापडली. माझ्या नवऱ्याने ती फोनवर उतरवून दिली. त्यात तू आधी फार सभ्यपणे बोलतेस, "आमी सगळी बरी आसंव, तुमी जिवाक जपा," आणि मग एकदम तुझा खरा आवाज येतो: "मेल्या मांजरा, सोड तो बांगडो!" मागून भांडं पडल्याचा आवाज, तुझी धावपळ, आणि पुन्हा काही घडलंच नाही अशा सुरात बाबांना तब्येतीची चौकशी. एका शुक्रवारी सकाळी फोनमध्ये दुसरंच काही शोधताना ती लागली. लेक माझ्या मांडीवर होती. तू मांजरावर ओरडलीस आणि ती हसली. ओठांतल्या ओठांत नव्हे, पोट हलेपर्यंत हसली. मी रडले की हसले ते आठवत नाही.

दुपारी मैत्रीण आली. तिने गाल फुगवून फुस्स केलं आणि लेक पुन्हा तशीच हसली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "पहिलंच ना हे?" मी मान हलवली. बोलले असते तरी तेच बोलले असते. तिचे डोळे भरून आले होते. त्या क्षणी मी तिला काय सांगणार होते, की तुझ्याआधी एक बाई हसवून गेली, आणि ती हयात नाही?

पुढच्याच शुक्रवारी तिने जेवण घातलं. मटणाचा रस्सा आणि तेलात तळलेल्या जाड भाकऱ्या, आपल्या वड्यांच्या भाऊबंदांतल्या. तिच्या आईने टपालाने खडेमीठ पाठवलं होतं. लेकीला मांडीवर घेऊन, तिच्या मुठीखाली आपला तळवा धरून ती बसली आहे. वर्कशॉपमधले चौघे, शेजारच्या सावंतवाडीच्या काकू, माझा नवरा, सगळे ओळीत उभे. पहिला मान काकूंचा, आणि काकू हात मागे घेऊन म्हणतात, मीठ असं हातात घेत नाहीत, बशी आणा. मैत्रीण गोंधळून माझ्याकडे बघते. आणि मी सात वर्षांची होऊन आपल्या स्वयंपाकघरात उभी राहते. शेजारीण मीठ मागायला आली होती, मी मूठभर काढून तिच्या हातावर ठेवायला गेले, आणि तू माझ्या मनगटावर चापट मारलीस. "मीठ हातार देव नये, झगडी होतत. खाली ठेव." शेजारीण गेल्यावर वर हेही म्हणालीस की मूठभर कशाला, चिमूट पुरली असती. तुझा हात आखडताच होता, आई, रागावू नकोस. मी पुढे झाले आणि लेकीच्या हातून आपल्या तळव्यावर खडा घेतला. मग काकूंनीही घेतला, तोंड वाकडं करून.

नंतर एकदा मला वाटलं, तिला खरं सांगून टाकावं, आवाजच ऐकवावा, तीही हसेल. फोन हातात घेतला आणि म्हटलं, माझ्या आईचा आवाज आहे यात. तिने हळूच माझा हात खाली केला. तिची आजी गेली तेव्हा घरात कोणी तिचं नाव काढलं नाही, तिच्या वस्तू ठेवल्या नाहीत, फार रडायचंही नाही, कारण त्याने ती अडकून राहिली असती. सगळेच आता एवढं पाळत नाहीत, पण ती पाळते. "बाळाजवळ तर नकोच," ती म्हणाली. मी फोन उशीखाली सरकवला.

तिचं कॉन्ट्रॅक्ट संपलंय. येत्या शुक्रवारी निरोप घ्यायला येणार आहे. तिच्या आईने तिकडे मागावर लेकीसाठी छोटं कांबळं विणायला घेतलंय, कारण तिच्या हिशेबी लेक आता त्यांच्या नात्यातली आहे. परवा तिने पुन्हा विचारलं, खरंच पहिलं होतं ना, कारण मी आईला तसं सांगितलंय. ह्या वेळी मी तोंडाने हो म्हटलं. आता सांगितलं तर तिच्या पदरातलं एकुलतं एक मूल काढून घेतल्यासारखं होईल, शिवाय मेलेल्या बाईने बाळाला हसवलं ह्या विचाराने ती घाबरेल ते वेगळंच. नाही सांगितलं, तर लेकीच्या हातून वाटलेलं ते सगळं मीठ खोटं. आणि लेकीत कोण उतरलंय? मैत्रिणीचा सढळ हात की तुझी चिमूट? काल लेकीच्या हातातला खुळखुळा मागितला तर तिने दिला, आणि लगेच परत ओढून घेतला. मी त्यातून काय समजायचं?

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि मैत्रिणीचं खरं असेल तर हे लिहूनसुद्धा मी तुझी वाट अडवली आहे. माफ कर. पण वर एका गोष्टीत मी तुझ्याशीही खोटं बोलले. त्या सकाळी कॅसेट चुकून लागली नव्हती. मैत्रीण दुपारी येणार, आज ना उद्या लेकीला हसवणार, हे मला दिसत होतं. मला ते सहन होईना. लेकीने तुला कधी बघितलं नाही, निदान पहिलं हसू तरी तुझं असावं, म्हणून मी तिच्या कानाशी फोन धरून तुझं ते ओरडणं पुन्हा पुन्हा लावलं. सहा वेळा ती नुसती बघत राहिली. सातव्या वेळी हसली.