पॅनेलांच्या फुलाफुलांच्या खोळी

ती. भाऊजींना साष्टांग नमस्कार.

ताईचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळे खुशाल, असं आपलं रीत म्हणून लिहितो. खरं तर मी तुमच्यावर भयंकर चिडलो आहे.

विजेच्या तारा आमच्या टेकडीपर्यंत येत नाहीत, म्हणून तुम्ही हौसेनं गच्चीवर सौर पॅनेल बसवून दिलीत. जेवताना चमचे-वाट्या मांडून समजावलंतही: पॅनेल उन्हाची वीज करणार, मधली पेटी ती बेतानं बॅटरीत भरणार आणि इन्व्हर्टर ती घरातल्या यंत्रांना चालेल अशी करून देणार. (पाण्याचं भांडं म्हणजे बॅटरी. तेही बोलता बोलता तुम्हीच पिऊन टाकलंत.) पण तुमची पाठ वळताच बॅटरीनं मान टाकली. दिवे गेले तर गेले हो, फ्रीजमध्ये आईचं इन्सुलिन! आभाळात ढग औषधालाही नाही, टाळू भाजतेय, आणि बॅटरी दिवेलागणीलाच रिकामी. मी पंखे बंद केले, बायकोचा मिक्सर जप्त केला (त्यावर जे ऐकलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही) आणि इन्सुलिन थर्मासात घालून टेकडीखालच्या दवाखान्याच्या फ्रीजकडे रोजची पायपीट सुरू केली. वाटभर तुमचा उद्धार चालू असे.

काल भर दुपारी गच्चीवर गेलो, तर पॅनेल फुलाफुलांच्या खोळी घालून निजलेली. नाड्यांसकट! आमच्या घरात रेडिओपासून शिलाई मशीनपर्यंत कुठली वस्तू उघडी असते, सांगा. आई म्हणाली, "जावयांनी दिलेली काच आहे, उन्हानं तडकेल. ऊन तापलं की झाकते, उतरलं की काढते. तुम्हाला कुणाला कदर आहे का वस्तूची?"

आता बोला! एवढे चमचे नाचवलेत, पण पॅनेल उन्हात उघडी राहू द्या, हे एवढं एक वाक्य तुमच्या तोंडून निघू नये?

आपला संतप्त मेहुणा

ता. क. राग खरा, पण काम वेगळं आहे. आई माझं ऐकत नाही, तुमचा शब्द मात्र तिला मोडवत नाही. लगेच निघा आणि तुम्हीच समजवा. पण जपून, खोळींसाठी तिनं पाहुण्यांकरता राखलेली चादर कापली आहे.

आणखी एक ता. क. आईनं पत्र हातातून घेऊन वाचलं. म्हणते, "जावई येणारच असतील तर येताना असंच फुलांचं कापड आणायला सांग. इन्व्हर्टर बिचारा अजून उघडाच आहे."