कानबाईचे रोट आणि आमची गृहभेट

लिंबायत, सुरत

तीर्थरूप वाल्मिकमामांना स्नेहाचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामी बीपीची गोळी वेळेवर घेतात ना? आम्ही सगळे इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते; खरं तर माझं डोकं चार दिवस तापलेलं आहे. फोनवर बोलले तर मम्मी ऐकते, म्हणून हे पत्र.

समाजकार्याला प्रवेश घे, असं तुम्हीच म्हणाला होतात. (नोकरी पक्की, असंही म्हणाला होतात. त्याबद्दल समोरासमोर बोलू.) या शिक्षणात वस्तीत जायचं, घरोघरी चौकशी करायची आणि अहवाल लिहायचा; पास-नापास त्यावरच. आता सुरतेत वस्त्या काय कमी आहेत? पण आमच्या गटाला मिळाली ती आमचीच गल्ली! मी मॅडमना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "न्यूट्रल रहेवानुं, ओळखाण नहीं आपवानी." म्हणजे स्वतःच्या घरात मी परक्यासारखं शिरायचं. आणि दिवस कोणता निवडावा? तर सकाळी कानबाई देवीला नदीवर बोळवलं तीच दुपार.

गळ्यात ओळखपत्र, मागे चार मैत्रिणी आणि मॅडम, अशी मी आमच्या दारात उभी राहिले आणि मम्मीला विचारलं, "नमस्ते काकी, आपके घर में कितने लोग हैं?" (हसू नका मामा, मार्कांचा प्रश्न होता.) मम्मीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "घरना माणसं तुले माहित नहीत का व? बठ, पहिले रोट खाई ले." आणि ताट वाढलं फक्त मला. बाकीच्यांना चहा आणि बिस्किटं.

कानबाईच्या नैवेद्याचे रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मॅडमना सांगायला हवं होतं, पण मी तर न्यूट्रल! त्यांनी अहवालात लिहिलं, 'हे कुटुंब अन्नवाटपात बाहेरच्यांना वगळते.' वर मलाच दटावलं, की तू ओळख लपवलीस. हुकूम त्यांचा आणि गुन्हा माझा! त्या वाक्याखाली सही कर, नाहीतर फील्डवर्कमध्ये नापास, असं म्हणाल्या. मी भर वर्गात ओरडले, की ही आमच्या देवीची रीत आहे, यात भेदभाव कसला? सही करणार नाही, काय करायचं ते करा.

घरी येऊन मम्मीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की तुझ्या रोटांसाठी मी वर्षावर पाणी सोडून आले. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं करं. आवंदा पोटभर खाई ले. पुढला सालले तू परकी. मंग तुले बी नही."

मामा, तेव्हा मला मॅडमपेक्षा मम्मीचा जास्त राग आला आणि मम्मीपेक्षा तुमचा. नवापूरचं स्थळ तुम्हीच आणलंत ना?

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची (अजून तरी घरचीच)
स्नेहा

ता. क. नवापूरला 'नाही' कळवा. मुलगा चांगला असेल, मला त्याच्याशी भांडण नाही. पण शिक्षण मध्येच सोडून मी कुठेही जाणार नाही. पत्रिका जुळत नाही म्हणा, मुलगी तापट आहे म्हणा. दुसरं तर खरंच आहे. आणि कळवायला जड वाटलं, तर लग्नानंतर मम्मी पहिल्यांदा कानबाईला माहेरी आली होती तेव्हा तुमच्या ताटात काय होतं आणि तिच्या ताटात काय, ते जरा आठवा.

ता. क. दुसरा. मॅडमच्या अहवालावर मी आज सही केली. आधी 'बाहेरच्यांना' हा शब्द खोडला, त्याच्या जागी 'मुलींना' लिहिलं आणि मग केली.