पेवातली बंदूक

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

पोचलो एकदाचा! आर्णीपासून आमच्या शेतापर्यंतच्या रस्त्याने हाडं खिळखिळी केली, पण दोन्ही बाजूंना फुललेली तूर पाहून शीण गेला. पाहुण्यांसाठी बांधलेल्या चारही खोल्या तयार आहेत. लोक येतील, भाकरी-ठेचा खातील, जंगल बघतील आणि पणजोबांची गोष्ट ऐकून जातील. पणजोबा म्हणजे नरहरराव, या गावचे इजारदार, सरकारकडून अख्खं गाव मक्त्याने घेतलेले. मेलेल्या वाघावर पाय आणि हातात बंदूक, असा त्यांचा फोटो पुण्याच्या घरात मी लहानपणापासून बघतोय. तो आणला आणि बैठकीत लावला. सोळा तारखेला उद्घाटन. रोजच्या नोंदींसाठी ही खिशात मावणारी डायरी घेतलीय.

स्वयंपाकाला जवळच्या बंजारा तांड्यावरची भुरीबाई आहे. सत्तरीची, पण ताठ चालते. मला मालक म्हणते. खोटं कशाला बोलू, आवडलं.

४ नोव्हेंबर

नशीब म्हणतात ते हेच! जेसीबीवाले नागोराव शौचालयाचा खड्डा खणत होते, तर एक गोल दगड लागला. चार माणसांना हलला नाही, शेवटी जेसीबीनेच उलटवून बाजूला टाकला. खाली पेव, म्हणजे धान्य साठवायची जुनी विहिरीसारखी खोली. आणि त्यात काळ्या पडलेल्या ज्वारीत, तोंडाच्या बरोबर खाली उभी रुतलेली एक ठासणीची बंदूक! नागोरावांनी आकडा टाकून वर काढली.

गंजाचा ठिपका नाही. नागोराव म्हणाले, बंद पेवात धान्यच आतली हवा खाऊन टाकतं, लोखंडाला गंजायला काही उरतच नाही. दस्त्यावर तीन कवड्या बसवलेल्या आहेत. फोटोशी ताडून पाहिलं. तीच बंदूक, त्याच तीन कवड्या! फक्त नळीचं तोंड ठेचलेलं आहे आणि त्यात दगडाचा पांढरा भुगा आहे. ठाण्यात कळवायला हवं. फीत कापून झाली की कळवू.

भुरीबाईने बंदूक पाहिली आणि हातातली परात तशीच खाली ठेवली. संध्याकाळचा स्वयंपाक केला नाही.

६ नोव्हेंबर

गज घालून नळी रिकामी असल्याची खात्री केली, भुगा पुसला, तेल लावलं. काचेच्या पेटीत ठेवून कुलूप घातलं. पाटी छापायला दिली : ‘इजारदार नरहरराव यांची वाघ मारणारी बंदूक’.

पेव पाहुण्यांना दाखवायचं ठरवलंय. भुरीबाई त्याच्या तोंडाशी कंदील ठेवून गेली. म्हणाली, “पयले कंदील सोडा मालक, मंग मानूस. कंदील इझला त उतरू नोका.” मी मोबाइलची बॅटरी लावून दाखवली. हा दिवा विझत नाही, म्हटलं. ती हसली नाही.

८ नोव्हेंबर

भुरीबाईने आज जे सांगितलं ते लिहितो, म्हणजे डोक्यातून जाईल.

तिचं म्हणणं, वाघ तिच्या आज्याने, लखीरामने मारला. बंदूकही त्याचीच, कवड्या त्याच्या बायकोने बसवल्या. दुसऱ्या दिवशी गोरा साहेब नेमबाजाला भेटायला येणार होता. पणजोबांनी लखीरामला सांगितलं, तुझ्याकडे परवाना नाही, बंदूक पेवात दडव. तो उतरला. वरून दगड सरकला. तांड्यावर निरोप गेला, लखीराम बंदूक घेऊन पळाला.

“पाटीवर त्याचं नाव टाका,” एवढंच मागितलं तिने. “बाकी मले काई नाई पायजे.”

बाबांना फोन केला. ते म्हणाले, फोटोची डावी कड तुझ्या आजोबांनी कापलीय. जुनं उकरू नकोस.

फोटो चौकटीतून काढून पाहिला. कडेला बंदुकीच्या दस्त्याखाली एक हात आहे, मनगटात कडं. बंदूक पणजोबांनी धरलेली नाही. कोणीतरी त्यांच्या हातात देतोय.

९ नोव्हेंबर

नाव टाकणार नाही. आमच्या घराण्याचा समारंभ आहे, तिच्या नाही. पत्रिका वाटून झाल्यात. तिला तसं स्पष्ट सांगितलं. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, “मंग थो पाहून घेईल.” रागाने नाही म्हणाली. त्याचाच जास्त राग आला. कामावरून काढून टाकलं.

११ नोव्हेंबर

पेटीला कुलूप तसंच. किल्ली माझ्या खिशात. नळीच्या तोंडाशी पांढरा भुगा.

मी पुसला होता. नक्की पुसला होता.

१२ नोव्हेंबर

भर दुपारी जमिनीखालून ठोके. तीन, मग थांबतात, मग तीन. नागोरावांनाही ऐकू आले. पैसे न घेताच मशीन घेऊन गेले.

दगड उलटा पडलाय. आज त्याची खालची बाजू पहिल्यांदा नीट पाहिली. पांढरे खळगे, शेकडो, सगळे नळीच्या तोंडाएवढे. तो खालून ठोकत होता — किती वेळ —

१४ नोव्हेंबर

फोटोतला हात. आता कोपरापर्यंत दिसतो.

भुरीबाईला बोलवायला तांड्यावर गेलो. घराला कुलूप. शेजारची म्हणाली, मुकुटबनला लेकीकडे गेली. जाताना बोलली, आता माझं काम नाही.

१६ नोव्हेंबर, सकाळ

पेटी रिकामी. बंदूक पेवात, खाली ज्वारीत, उभी. वरून दिसते. अकराला पाहुणे येणार, आणि बंदूक नसेल तर दाखवू काय? शिडी आहे. मोबाइल आहे. दोन मिनिटांचं काम.

कंदील पायात आला. लाथेने बाजूला केला.

खाली. दस्ता धरला. सुटत नाही, ज्वारीच्या आतून कोणी धरलंय — कडं — कडं आहे हाताला —

वर अंधार. दगड. जेसीबीला हलला होता तो —

बंदूक सुटली. शिडीवर चढून नळीने ठोकतोय. तीन. थांबून तीन. वर गाड्या आल्या, बँड वाजतोय, त्यांना ऐकू —

मोबाइलला रेंज नाही. बॅटरी लख्ख. सगळं दिसतंय. श्वास मात्र —

पाटी बदला. कोणी वाचलं तर — वाघ पणजोबांनी नाही, तो मारला लखी