कापलेलं टोक खाली

३ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. जेवतो, झोपतो, बोटं अजून दहाच आहेत, काळजी नसावी. कॉलेज सोडलं, त्याचं आता विचारू नकोस.

ज्यांच्याकडे सुतारकाम शिकतोय, त्या मिस्त्रींनी मला ज्या घराच्या कामावर घातलं, ते नेमकं तिचं निघालं, माझ्या वर्गातली, जिच्यावरून तू मला चिडवतेस. हस. आतल्या माळ्याच्या तुळया झाल्या. त्या कोरड्यात राहणार, त्यांना हलकं औषध पुरतं. बाहेरचा सज्जा मात्र चार लाकडी खांबांवर, आणि खांब जमिनीत. ओल आणि वाळवी लागू नये म्हणून त्यांच्यात कारखान्यातच दाबाने औषध मुरवलेलं असतं. पण ते गाभ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून मिस्त्रींचा नियम आहे : खांब कापला, की कापलेलं टोक वर, त्यावर औषधाचे दोन हात, आणि कारखान्याचं अख्खं टोक जमिनीत.

शनिवारी ती कॉलेजातून आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, की तुला कुठलीच गोष्ट शेवटाला नेता येत नाही, हेही काम अर्धवटच टाकशील. माझं डोकं सणकलं. मिस्त्री दुसऱ्या कामावर होते. त्या तिरमिरीत मी दोन खांब कापले, कोरं टोक तसंच खाली घातलं आणि वरून काँक्रीट ओतलं. आता सज्जा बसलाय. बाहेरून कुणाला काही कळणार नाही. पाच-सात वर्षांत मात्र खालून कुजेल. तिची आई आत्ताच तिथे खुर्ची टाकून बसायला लागलीय.

सांगितलं तर तिचंच खरं ठरतं. काय करू? फार थकलोय गं. माया पातळ करू नकोस.

तुझा,
भाऊ

९ मार्च

चि. भडक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दवाखान्यात दोन पाळ्यांच्या मधे वाचलं. पाय सुजलेत, म्हणून थोडक्यात. तुझे भावोजी विचारत होते, की नुसते खांबच पुरलेस ना, की स्वतःलाही?

लहानपणी तू रागाने ताट ढकलायचास आणि फरशी मी पुसायची. हे पुसायला मी येणार नाही. तिचं खरं ठरेल म्हणतोस, ठरू दे. पडलेली, मोडलेली माणसं मी रोज उचलते रे. पुष्कळदा त्यामागे कुणीतरी गप्प बसलेलं असतं. त्या बाई उद्या सज्ज्यासकट खाली आल्या, तर त्यांच्या लेकीला कुठल्या तोंडाने भेटशील? आधी मिस्त्रींना सांग, मग त्या घरी. रडलास तरी चालेल, भांडू नकोस.

मायेचं म्हणशील, तर ती काय मागावी लागते होय, गाढवा?

तुझी,
ताई

१८ मार्च

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. मिस्त्री ओरडले नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. एवढंच म्हणाले, की खांब तू घातलेस, तर त्या घरी तोंडही तूच दाखव. तिच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, की दोन्ही खांब नीट करून दे आणि त्यानंतर या घरात दिसू नकोस. ती दारातच उभी होती. मी मान वर केली नाही.

सज्ज्याला टेकू दिले, काँक्रीट फोडलं, नवे खांब आणले. चार दिवस गेले, तळहात सोलवटले. तिसऱ्या दिवशी ती जवळ आली आणि म्हणाली, की गप्प बसला असतास तर कुणाला कळलं असतं? तिला म्हटलं, औषधाचा डबा जरा धर. तिने धरला. दोन हात देऊन होईपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि जाताना म्हणाली, की वास भयंकर आहे. बस, एवढंच.

काल शेवटचा बोल्ट उरला होता. तो आवळला, की त्या घरात जायचं कारण संपणार होतं. मिस्त्री हत्यारं भरून फाटकाशी थांबले होते. ताई, इतक्या हळू मी जन्मात बोल्ट आवळला नसेल. पण पुरता आवळला.

आज अंगात त्राण नाही. लोभ आहेच, या वेळी चिमूटभर जास्त पाठव.

तुझा,
भडक्या