मनीची गळती

२९ जुलै १९७९, रविवार

बायको वारली त्याला दोन महिने झाले, आणि आता माझ्या केशरची मांजर तहानेने मरायला टेकली. मनी वाटीतलं पाणी पीत नाही! केशर गडव्याने धार धरायची, ही जीभ लावायची. मी धरली की पळते. दारावर येणारा काळा बोका बरा, बालदीत तोंड घालतो.

वाटी, परात, मातीचं कुंडं — सगळं करून झालं. नळाची धार सोडावी तर क्वार्टरचा नळ सकाळी तासभर, तेव्हा मी फॅक्टरीच्या बसमध्ये.

१ ऑगस्ट

मनी निजूनच असते. हीही गेली तर घरात केशरचं काय उरेल?

४ ऑगस्ट, शनिवार

भंडाऱ्याला गेलो. भांड्यांच्या दुकानात विचारलं, बारीक धार पडत राहील असं काही आहे का? दुकानदार ताराचंद म्हणाला, "पिंडीवर टांगतेत थे गळती पायजे म्हना ना! महादेवाले तांब्याचीच घ्या." मांजरीसाठी म्हणायची लाज वाटली. हो म्हटलं.

बारीक छिद्राची नुसती ठिबकते, मोठ्या छिद्राची दुपारीच रिकामी होईल. अर्धा तास घोळ घालून मधली घेतली.

५ ऑगस्ट

बैठकीत टांगली. खाली परात, बोक्याने उलथू नये म्हणून तीत काळा गोटा. मनी तासभर नुसती बघत बसली. मग प्यायली! मी रडलो. कोण बघतंय इथे.

६ ऑगस्ट, सोमवार

बघितलंच. शेजारच्या विमलाबाई बेल घेऊन आल्या. "काहून सांगतलं नाई भाऊजी, महादेव बसवला थे?" गोट्यावर पान वाहिलं, हात जोडले.

खरं काय ते जिभेवर आलं होतं. पण दोन महिन्यांत या उंबऱ्याच्या आत कोणी आलं नव्हतं. त्यांना बसायला पाट दिला.

१३ ऑगस्ट, सोमवार

आज पाच बायका! गिरजाबाईंनी साबुदाण्याची उसळ आणली. घरात बांगड्या वाजल्या. त्या गेल्यावर मनी प्यायली, मिशीला बेलाचं पान. हसू आलं, मग भीती. देवाच्या नावाने खोटं, तेही अशा भल्या बायकांशी.

२० ऑगस्ट, सोमवार

सांगून टाकलं. "ही गळती मांजरीसाठी आहे." सगळ्या उपासाच्या, गोट्याला भस्म लावलेलं. एकेक करून उठून गेल्या.

२१ ऑगस्ट

विमलाबाई आल्या. दाराबाहेरच थांबल्या.

"आमाले पयल्याच दिवशी मालूम होतं, भाऊजी. मनी पानी पिताना खिडकीतून दिसे. पन एकट्या मानसाच्या घरी बाईनं कोन्तं निमित्त करून यावं? थे बी तुमी मोडलं."